पेटीबाहेरचा वायरलेस

वायरलेसच्या सेटला हात लावायचा नाही, हे मला १९८४ साली सिंदेवाहीला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं तेव्हापासून पाठ आहे. कायदाच तसा होता. १९३३च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय असं यंत्र जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा, मग उघडून बघणं तर दूरच. सेट सरकारी, त्याची पेटी सरकारी, पेटीवरचं सील सरकारी. पण पेटीतून बाहेर येणारी लाल-काळी वायर, त्या वायरीतला फ्यूज आणि वायर जिथे पोचते ती गाडीची बॅटरी, एवढं काम आमचं. आमच्या जंगलात वायरलेस कसा आला आणि कसा टिकला हे कधी कोणी लिहिलं, तर पेटीच्या आतलं लिहिलं जाईल. कंपनी कोणती, वॅट किती, टॉवर किती उंच. मला पेटीच्या बाहेरचं लिहायचं आहे, कारण 'सेट बंद पडला' म्हणून जेवढ्या गाड्या माझ्या दुकानापुढे थांबल्या, त्यातल्या बहुतेकांचा सेट शाबूत होता. गेलेला असायचा तो फ्यूज.

सिंदेवाही नागपूरहून मूलमार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पश्चिमेला ताडोबाचं जंगल, उत्तरेला नागभीड आणि घोडाझरी, पूर्वेला धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे वैनगंगा. नदी ओलांडली की गडचिरोली. तालुक्यातली कितीतरी गावं अशी आहेत की गावाची शीव संपते तिथेच जंगल सुरू होतं.

आमचा धंदाही या भागात जंगलानेच आणला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू नेणारे ट्रक, लाकूड आगारातून सागवान उचलणारे ट्रक, १९७४ साली वनविकास महामंडळ निघालं तेव्हापासूनच्या त्यांच्या गाड्या, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती वाहणारे ठेकेदारांचे मेटाडोर, दिवाळीनंतर राइस मिलकडे धान आणणारे ट्रॅक्टर. एवढ्या गाड्या म्हटल्या की डायनॅमो जळणार, कटआउट चिकटणार, सेल्फ अडकणार. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालत. त्यांचा अँप्लिफायर बॅटरीवर लावायचा, तर वायर जोडून द्यायला आम्हीच. चंद्रपूरला आयटीआय करून मी एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि मग आपलं दुकान मांडलं. त्या दुकानापुढे वायरलेसची पहिली गाडी थांबली ती पोलिसांची.

त्यालाही कारण होतं. २६ ऑगस्ट १९८२ला जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. नदीपलीकडे ठाण्यांतून ठाण्यांत निरोप पोचवायला टेलिफोनच्या तारेवर विसंबून चालत नव्हतं. पावसाळ्यात झाड पडलं की तार तुटे, आणि तार जोडणारा माणूस पोचायलाच दोन दिवस लागत. राज्याच्या पोलिसांचं बिनतारी संदेशाचं मुख्यालय पुण्याला. तिकडून सेट येत, ऑपरेटर येत, सेट बिघडला तर तो तिकडच्या साखळीतूनच दुरुस्त होई. फ्यूजसाठी मात्र कोणी पुण्याला लिहीत नसे. ड्रायव्हर जीप माझ्यापुढे आणून उभी करी आणि म्हणे, "मिस्त्री, सेट मेला गा." मी म्हणायचो, "सेट राहू द्या, आधी वायर दाखवा."

वनखात्याकडे सेट आले तेव्हा हेच काम वाढलं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आमचा भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो, व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर. पण वाघाला ही हद्द माहीत नाही. रेंज ऑफिसच्या आवारात लोखंडी खांब उभा राहिला, त्यावर अँटेना चढला, खाली खोलीत सेट आणि बॅटरी. लाइट गेली तरी सेट चालला पाहिजे म्हणून तो बॅटरीवर. बॅटरी म्हटली की पुन्हा फ्यूज.

या फ्यूजवरच्या आकड्यात मला वायरलेसचा सगळा इतिहास दिसतो.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. १९४७ नंतर महिंद्रांनी त्याच घराण्याच्या जीप मुंबईत जोडायला घेतल्या. त्या जमान्यातले सेट व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात आणि गाडीत मिळतात सहा नाहीतर बारा. म्हणून मध्ये डायनामोटर बसवायचा. बॅटरीवर फिरणारी मोटर, आणि तिच्याच दांड्यावर जास्त व्होल्टेज काढणारा जनरेटर. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४० साली डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या आखणीप्रमाणे राज्यभराच्या गाड्यांत दुतर्फा बोलणारे एफएम सेट बसवले. त्या पद्धतीचे सेट पुढे जगभर गेले. बोलायचं बटण दाबलं की असा सेट २५-३० अँपिअर ओढायचा, म्हणजे फ्यूज तीसचा आणि वायर बोटाएवढी. तो काळ मी पाहिलेला नाही. पण उस्तादांच्या दुकानात भंगारात एक डायनामोटर पडलेला होता, आणि दोन हातांनी उचलावा लागे एवढा तो जड होता.

ट्रान्झिस्टर आले आणि डायनामोटर गेला. माझ्या उमेदीच्या काळातले गाडीतले सेट २५ वॅटचे. बोलताना ६-७ अँपिअर घेत, नुसतं ऐकताना अर्धा-पाऊण. त्यांना फ्यूज दहाचा. पुढे हातातला सेट आला, ५ वॅटचा, आणि तो गाडीत चार्ज करायला, चालवायला अडॅप्टर आला. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची पिन, मागे गुंडाळी पडणारी वायर. या पिनेत फ्यूज दोनचा, फार तर तीनचा.

तीस, दहा, दोन. तीसच्या काळात वायरलेस मोठ्या साहेबाच्या गाडीत असे. दहाच्या काळात तो रेंजच्या जीपपर्यंत आला. दोनच्या काळात तो बीटवर पायी फिरणाऱ्या गार्डाच्या खांद्याला लागला. फ्यूजवरचा आकडा उतरत गेला तसा निरोप देण्याचा अधिकार खालच्या माणसापर्यंत पोचत गेला. ज्याला वाघ खरोखर दिसतो त्याच्या हातात बोलायचं बटण यायला एवढी वर्षं लागली. हे मी कौतुकानेही म्हणतो आणि तक्रारीनेही.

फ्यूज आणि वायरलेस यांची गाठ पहिल्यापासूनची आहे. विल्यम प्रीस नावाचा वेल्श अभियंता ब्रिटिश पोस्ट खात्यात होता. कोणत्या जाडीची तार किती करंटला वितळते याचे प्रयोग त्याने १८८०च्या दशकात केले आणि नियम मांडला. मिलिमीटरमध्ये तारेचा व्यास घ्यायचा, त्याचा दीड घात करायचा, तांब्यासाठी त्याला ८०ने गुणायचं, की ती तार किती अँपिअरला जाईल ते निघतं. याच प्रीसने १८९६ साली लंडनला आलेल्या तरुण मार्कोनीच्या पाठीवर हात ठेवला, त्याला पोस्ट खात्याची मदत मिळवून दिली. ज्याने फ्यूजचं गणित दिलं त्यानेच वायरलेसला पहिलं दार उघडून दिलं. मला हे आयटीआयला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे एका जुन्या पुस्तकात वाचलं तेव्हा फार आनंद झाला, कारण तोवर मी प्रीसचाच नियम बोटांनी वापरत होतो.

बोटांनी म्हणजे असं. आमच्या दुकानात वायर मागताना कोणी चौरस मिलिमीटर सांगत नाही. 'चौदा छत्तीस' द्या, 'चाळीस छत्तीस' द्या असं म्हणतात. चौदा छत्तीस म्हणजे आत छत्तीस नंबरच्या चौदा तारा. छत्तीस नंबरची एक तार जेमतेम ०.१९ मिलिमीटर जाड. प्रीसच्या नियमात घाला, ती पावणेसात अँपिअरच्या आसपास वितळते. म्हणजे पाच अँपिअरच्या फ्यूजची जागा एक तार भरून काढते आणि दहाच्या जागी दोन पुरतात. दोन अँपिअरचा फ्यूज लागला तर ही तार जाड पडते. मग वाइंडिंगवाल्याकडून चाळीस नंबरची तार आणायची, पंख्यात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात ती. ती साडेतीनच्या थोडी आधी जाते. काचेच्या नळीच्या दोन्ही टोप्या सोल्डरने गरम करून भोक मोकळं करायचं, जुन्या तारेचा तुकडा झटकायचा, चाळीस नंबरची तार इनॅमल खरवडून आरपार ओवायची, दोन्हीकडे सोल्डरचा थेंब टाकायचा. हात स्थिर असेल तर पाच मिनिटांचं काम. नागपूरला बर्डीवर गेल्याशिवाय नवा फ्यूज मिळत नव्हता त्या काळात आमच्या भागातले कितीतरी सेट अशा भरलेल्या फ्यूजवर बोलले. बर्डी म्हणजे सीताबर्डी. छोट्या लाइनच्या गाडीने नागभीडला जायचं, तिथे गाडी बदलायची आणि नागपूर गाठायचं. सकाळी निघालेला माणूस रात्री परत. नागभीड-नागपूर छोटी लाइन तर थेट २०१९पर्यंत चालू होती. दोन रुपयांच्या वस्तूसाठी एक दिवस आणि तिकीट कोण घालवणार?

तेव्हा फ्यूज मिळत नव्हता असं म्हणतो, पण दुकानात फ्यूज नव्हते असं नाही. अडचण मापाची होती. अँबेसेडरमध्ये लुकास पद्धतीचे काचेचे फ्यूज, लांबी साधारण २९ मिलिमीटर, आत कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर ३५ छापलेलं. वायरलेसच्या पिनेत लागतो तो अमेरिकन मापाचा, पाव इंच जाड आणि सव्वा इंच, म्हणजे जवळपास ३२ मिलिमीटर लांब. रेडिओ-टेपवाल्यांकडे मिळणारा त्याहून बारीक, २० मिलिमीटरचा. जर्मन पद्धतीच्या गाड्यांत चिनीमातीचा, ज्याला आम्ही कॅप्सूल फ्यूज म्हणतो, २५ मिलिमीटरचा. सगळे गोल, सगळे दिसायला भाऊ-भाऊ, आणि एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. २९चा ३२च्या जागी घातला तर पिनेतली स्प्रिंग तो दाबून धरते. दुकानापुढे उभ्या गाडीत सेट छान चालतो, ड्रायव्हर पैसे देऊन जातो, आणि शिवणीच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग सुटून सेट बंद. पुढच्या खड्ड्यात परत चालू. ऑपरेटरला वाटतं सेटच खराब आहे.

लांबीपेक्षा वाईट गोष्ट आकड्याची. लुकासच्या फ्यूजवरचा ३५ म्हणजे ज्या करंटला तो उडतो तो आकडा. कायम वाहून नेतो तो त्याच्या निम्मा, १७. अमेरिकन फ्यूजवरचा आकडा मात्र कायम वाहून नेण्याचा. दोन देशांनी एकाच काचेवर दोन वेगळे अर्थ छापले आणि दोन्ही माल आपल्या बाजारात एकाच डब्यात पडला. ब्रिटिश गाड्यांची वायरिंग शिकलेला मेकॅनिक अमेरिकन फ्यूज हातात घेतो तेव्हा त्याचा हिशोब दुपटीने चुकतो, आणि चूक कळते ती वायर तापल्यावर. १९७६ साली अमेरिकेच्या लिटलफ्यूज कंपनीने प्लास्टिकची पट्टीवाली जात काढली, रंगांनी ओळखायची. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. आमच्याकडे मारुती आणि तिच्यामागून आलेल्या गाड्यांनी ती आणली. अंधारात, विजेरीच्या उजेडात, न शिकलेल्या माणसालाही लाल-निळं कळतं. मोटारीच्या विजेत माझ्या हयातीत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा, असं माझं मत आहे. वायरलेसच्या अडॅप्टरची पिन मात्र काचेवरच थांबली.

गेलेला फ्यूज फेकायचा नाही, आधी उजेडात धरून बघायचा, हे मी माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येक पोराला सांगितलं. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर जबरदस्त शॉर्ट झाला आहे, तार क्षणात वाफ होऊन काचेवर बसली आहे. अशा वेळी नवा फ्यूज घालायचा नाही. आधी वायर कुठे घासली ते शोधायचं. काच स्वच्छ आणि तार मधोमध वितळून दोन थेंब झाले असतील तर करंट थोडाच जास्त होता, पण बराच वेळ होता. तार शाबूत आणि टोपीजवळ मोडलेली असेल तर विजेचा दोष नाही, रस्त्याचा आहे, हादऱ्याने सोल्डर सुटलं. आमच्या भागात हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त.

चौथाही एक प्रकार आहे. निवडणुकीत, पुरात, गाड्या कमी पडल्या की भाड्याचा ट्रक घेतात आणि त्यात सेट लावतात. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, सेट १२चा. किंवा चिमटे बॅटरीला लावताना लाल-काळं उलटं होतं. सेटच्या आत दारातच एक डायोड असतो. चुकीचा करंट आला की तो सगळा स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्या ओढीने फ्यूज जातो. सेट वाचतो. अशा वेळी ऑपरेटर फ्यूजला शिव्या देत माझ्याकडे येई. मी त्याला सांगायचो, दादा, याने तुमचा सेट वाचवला आहे, याला शिव्या देऊ नका.

आणि काळ्या वायरीतला फ्यूज. गाडीतल्या मोठ्या सेटच्या वायरीत पूर्वी दोन फ्यूज येत, एक लाल वायरीत, एक काळ्या. अनेक मेकॅनिक काळ्यातला काढून वायर सरळ जोडून टाकत. मायनसला फ्यूज कशाला, चेसिस तर आहेच, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यातल्या एका जीपने मला त्याचं उत्तर दाखवलं. एमएम-५४० होती. सेल्फ मारला की काळ्या वायरीतला फ्यूज जायचा, लाल वायरीतला शाबूत. सेटमध्ये तर दोष नव्हता, मग सेल्फचा आणि सेटचा संबंध काय? जीपखाली गेलो तर बॅटरीच्या मायनसला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून धाग्यावर आली होती. सेल्फला दोनशेच्या वर अँपिअर लागतात. त्याला बॅटरीकडे परत जायची मोठी वाट बंद झाली की तो मिळेल ती वाट धरतो. अँटेनाच्या केबलीच्या जाळीतून सेटच्या पेटीत आणि तिथून काळ्या वायरीने बॅटरीवर. तो फ्यूज नसता तर ती बारीक वायर डॅशबोर्डच्या मागे लाल झाली असती. ज्याने सेट बनवला त्याला हे माहीत होतं, म्हणून त्याने दोन फ्यूज दिले. पट्टी बदलली आणि फ्यूज जायचा थांबला. तेव्हापासून वायरलेसची गाडी आली की मी आधी खाली वाकून पट्टी बघतो.

फ्यूज नसला की लोक काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढतात आणि गेलेल्या फ्यूजवर गुंडाळतात. सेट लगेच चालतो, म्हणून ही खोड जात नाही. एका गाडीत पिनेतल्या दोनच्या फ्यूजवर अशी चांदी बसली होती. अडॅप्टरची वायर सीटच्या पट्टीखाली घासत होती, कातडं झिजून तांबं लोखंडाला टेकलं. फ्यूज असता तर टिचकीसरशी गेला असता. चांदी गेली नाही. वायर पेटली, सीटचा फोम पेटला, ड्रायव्हर उडी मारून वाचला. ज्या गावाला ती गाडी निघाली होती तिथे रात्री जनावराने गोठा फोडला होता आणि लोक गाडीची वाट बघत होते. निरोप द्यायला सेटही नाही, जायला गाडीही नाही. ती वायर माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावरचं प्लास्टिक वितळून गाठ झालं होतं. दोन रुपयांचा फ्यूज वेळेवर कोणाच्या खिशात असता, इतकीच गोष्ट.

मला राग येतो तो या ठिकाणी. सेटची नोंद रजिस्टरमध्ये असते, अँटेनाची असते, बॅटरीची असते. फ्यूजची नोंद मी कुठल्याही रजिस्टरमध्ये पाहिली नाही. तो 'किरकोळ' या शब्दात बसतो, आणि किरकोळ खर्च ड्रायव्हर आपल्या खिशातून करतो किंवा करत नाही. आमच्यासारख्या दुकानदाराने उधारीवर दिला तर दिला.

आता या भागात काय चाललं आहे हे सगळा महाराष्ट्र वाचतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला बाया जंगलात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. याच तालुक्यात मेंढा-माल शिवारात मे २०२५ मध्ये तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी सगळीकडे पोचली. पण अशा दिवशी सकाळी पहिला निरोप कसा जातो हे बातमीत येत नाही. त्या झुडपांत मोबाइलला रेंज नसते. गार्ड खांद्यावरच्या सेटवर बोलतो, जवळच्या गाडीतला सेट तो ऐकतो, पुढे सांगतो. गावातली तरुण पोरं आता प्राथमिक प्रतिसाद दलात आहेत. पीआरटी म्हणतात त्यांना. वाघ दिसला की गावाला घरात थांबवायचं, जमाव आवरायचा, खात्याची माणसं येईपर्यंत धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्यांची भिस्त निरोपावर. आणि गाडीतला निरोप बॅटरी संपलेल्या सेटला मिळत नाही, म्हणून पिन चालू पाहिजे.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, ब्रह्मपुरी-सावलीकडची गावं पाण्यात गेली, तेव्हाही हेच झालं. लाइट नाही, मोबाइलचे टॉवर बंद, आणि जी गाडी सापडेल तिच्या लायटरमध्ये पिना खुपसलेल्या. त्या दिवसांत दुकानातले दोनचे सगळे फ्यूज गेले आणि मी पुन्हा चाळीस नंबरची तार काढून भरायला बसलो. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. पण काम झालं.

हे काम आता वाढण्यातलं नाही. नव्या सेटांचे चार्जर यूएसबीवर येऊ लागले आहेत. त्यातला फ्यूज तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि बोर्डावरच डाखलेला. तो गेला तर अख्खा चार्जर फेकायचा. कायदेही बदलले. २०१८मध्ये ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरायला मोकळे झाले, २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला. परवाना न लागणारे सेट आता कोणीही घेऊन येतो आणि माझ्यापुढे ठेवून म्हणतो, उघडा. सवयीने माझा हात आधी वायरीकडे जातो.

जुन्या पिना मात्र अजून शेकड्याने वापरात आहेत, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पिनेचं पितळी टोक जिथे असतं तिथली काळी टोपी आट्यांची असते. ती फिरवून उघडते. उघडताना टोक खाली धरायचं नाही, नाहीतर स्प्रिंग उडून सीटखाली जाते. जुन्या फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात: एफ म्हणजे लवकर जाणारा, टी म्हणजे थोडा थांबून जाणारा, मग अँपिअर, मग व्होल्ट. व्होल्ट २५० लिहिलेलं असलं तरी १२च्या गाडीत चालतो. लांबी पट्टीने मोजा, नुसती नजरेने नको. दुकानदार पाचचा देऊन 'चालतो' म्हणाला तर घेऊ नका. चालतो हे खरं, पण मग ती वायर कोण राखणार? मिळाला तर एक घेऊ नका, पाकीटच घ्या, आणि दोन फ्यूज पिनेच्या वायरीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवा, वर आकडा लिहून. आमच्याकडून जाणारी प्रत्येक पिन मी तशीच बांधून देतो. सिंदेवाहीच्या बाहेर, मूल-नागभीडच्या दुकानांतही आता काही पोरं तसंच बांधून देतात, ती माझ्याकडेच शिकलेली.